हलक्या बलाचे वजन

आयुष्याची तीस वर्षे ज्या मनुष्याने वजनमापांच्या खात्यात घालविली, ज्याने आठवड्याच्या बाजारांत वाण्यांच्या तराजूंच्या दांड्या डोळ्यांसमोर धरून पाहिल्या, लोखंडी वजने उपडी करून त्यांच्या बुडातील शिशावरचा सरकारी शिक्का ताजा आहे की झिजलेला आहे याची बोटाने चाचपून खातरजमा केली, आणि दोन किलोच्या वजनात चिमूटभर तूट सापडताच ज्याच्या मुखावर सावज गवसल्याचा आनंद उमटत असे, त्या मनुष्याने निवृत्तीनंतर कन्येच्या आग्रहास्तव जयपुरास येऊन राहावे, आणि पहिल्याच आठवड्यात तेथील हिंदी वर्तमानपत्रात ‘पुलिस ने हल्का बल प्रयोग किया’ हे वाक्य त्याच्या दृष्टीस पडावे, हा केवळ दैवयोग म्हटला पाहिजे. वाक्य वाचताच माझा हात सवयीने खिशातील भिंगाकडे गेला.

“हल्का म्हणजे किती?” असा प्रश्न मी न्याहारीच्या वेळी जावईबापूंस केला. ते संगणकाच्या धंद्यात असून स्वभावाने शांत आहेत. कांद्याची कचोरी मोडता मोडता ते म्हणाले, “हल्का म्हणजे, बाबा... फार जोरात नाही.” मी म्हटले, “हे विशेषण झाले, माप नव्हे.” यावर कन्येने माझ्या ताटात आणखी एक कचोरी वाढली. आमच्या घरी विषय बदलण्याची ही जुनी रीत आहे.

न्यायाला धरून बोलावयाचे तर या बाबतीत आमचा मुलूखही निर्दोष नाही. आमच्याकडे वैद्य ज्वरास सौम्य म्हणतात, वेधशाळा कधीमधी थंडीस सौम्य म्हणते, शाळेचे मुख्याध्यापक फार तर निरोपसमारंभाच्या दिवशी सौम्य होतात, आणि पोलिसांची लाठी मात्र बारा महिने सौम्य असते. ‘सौम्य लाठीमार’ हा सरकारी पत्रकात होतो आणि ‘अमानुष लाठीमार’ हा विरोधी पक्षाच्या पत्रकात होतो. लाठी तीच, जमाव तोच, पाठीही त्याच, परंतु एकाच वस्तूची दोन दुकानांत दोन वजने भरावीत आणि गिऱ्हाइकाने दोन्ही पावत्या मुकाट्याने खिशात घालाव्यात, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालू आहे. एखाद्या वाण्याने असे केले असते तर त्याचा तराजू मी जप्त केला असता.

राजस्थानी वाक्यात मात्र आणखी एक गंमत आहे, आणि ती मराठी कानालाच कळावयाची. ‘प्रयोग’ हा शब्द आम्हांस मुख्यत्वे दोन ठिकाणांहून परिचित, एक रंगभूमी आणि दुसरा व्याकरणाचा तास. त्यामुळे ‘हल्का बल प्रयोग’ वाचल्यावर प्रथम माझ्या मनश्चक्षूंसमोर रविवार दुपारचे हलकेफुलके नाटक उभे राहिले. स्थळ शहरातील मोठा चौक, पात्रे पुष्कळ, प्रवेश विनामूल्य, आणि पहिला अंक संपण्यापूर्वीच प्रेक्षकगृह रिकामे. विचाराअंती ध्यानात आले की येथे व्याकरणाचाच अर्थ अधिक लागू पडतो. कर्तरी प्रयोगात कर्ता छाती पुढे काढून क्रियापदाला आपल्या मागे चालवितो, कर्मणीत तो दाराआड उभा राहतो, आणि भावे प्रयोगात त्याची चाहूलही क्रियापदाला लागत नाही. ‘जमावास पांगविण्यात आले’ हे या तिसऱ्या जातीचे वाक्य. ‘लाठीमार झाला’ यात तर लाठीमार हाच कर्ता. तो वळवाच्या पावसासारखा आपण होऊन आला, झाला आणि गेला. हिंदीतील ‘बल प्रयोग करना पड़ा’ याची तर मौजच निराळी, कारण त्यात जो सोसतो तो मार खाणारा नसून मारणारा आहे. त्याच्यावर केवढा प्रसंग गुदरला असेल, या कल्पनेने वाचकाचे हृदय द्रवावे अशीच त्याची रचना असते.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. राजस्थानातील पोलिसांचे दप्तर आजही बहुतांशी फारसी थाटाचे आहे. ठाणे स्वतःचा उल्लेख ‘थाना हाजा’ असा करते, आरोपी हा ‘मुल्जिम’, तपास ही ‘तफ्तीश’, जप्त माल ‘मालखान्यात’ आणि दिवसभराची हकीकत ‘रोजनामच्यात’. २०२४ च्या अखेरीस तेथील गृहराज्यमंत्र्यांनी हे यावनी शब्द काढून टाकून शुद्ध हिंदी शब्द योजावेत अशी पोलीस खात्यास सूचना केली, तेव्हा मला साहजिकच शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाचे स्मरण झाले. तो कोश होऊन साडेतीनशे वर्षे होत आली तरी आम्ही फिर्याद देतो, जबाब नोंदवितो, पंचनामा करतो, आणि मजकूर इसमाचा ठावठिकाणा शोधतो. तेव्हा मंत्रिमहोदयांनी धीर धरलेला बरा. परंतु सर्व दप्तर फारसी असताना लाठी उगारण्याचा प्रसंग येताच लेखणी एकदम संस्कृताकडे वळते आणि ‘बल प्रयोग’ असा निखळ तत्सम समास प्रसवते, हे कसे? मारहाणीला फारसीत शब्द नव्हते असे नाही. सोवळे नेसल्यावर कोणी अंगाला हात लावीत नाही, हेच कारण असावे.

आणि हे वजनरहित वाक्य छापले जावे ते कोणत्या शहरात? ज्या शहरात सवाई जयसिंहाने दगडाचुन्याची २७ मीटर उंच छायाघडी उभारून खुद्द सूर्याकडून दोन-दोन सेकंदांचा हिशेब घेतला, आणि जेथे युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित राजाश्रयास होते, त्या शहरात! त्या छायाघडीच्या, म्हणजे सम्राट यंत्राच्या, पायऱ्यांशी मी एक संपूर्ण दुपार बसून काढली आहे. सावली तेथे सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, म्हणजे डोळ्यांना चालताना दिसते. सावलीचे चालणे मोजणाऱ्या गावाने लाठीचे चालणे मोजू नये, ही गोष्ट मनाला लागून राहते. तेथून दहा मिनिटांवर जौहरी बाजार आहे. एका पेढीवर मी पाचूचा खडा तोलताना पाहिला. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट; तराजूला चारी बाजूंनी काचेचे घर, आणि तरीही तोलण्यापूर्वी शेटजींनी पोऱ्यास डोक्यावरचा पंखा बंद करावयास सांगितले, मला हाताने खूण करून श्वास रोखावयास लावले, आणि आकडा स्थिरावल्यावरच आम्हां दोघांस पुनश्च जगण्याची परवानगी दिली. दोन मिलिग्रॅमसाठी जे शहर श्वास रोखते, ते शहर ‘हल्का’ हा शब्द डोळे मिटून गिळते.

एवढ्यावर हा छंद कदाचित विझून गेला असता. परंतु त्याच सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरचा पिंटू, जो गेली चार वर्षे सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करीत असून ज्याची एक परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्याने रद्द झाली आहे, तो एका संध्याकाळी लंगडत जिना चढला. जमाव निराळ्याच कारणासाठी जमला होता, पिंटू निराळ्याच कारणासाठी, म्हणजे पुस्तकाची झेरॉक्स काढण्यासाठी, तेथून जात होता, आणि लाठीला कारणे विचारण्याची सवय नसते. त्याची आई हळद गरम करीत असताना मी त्याची पोटरी पाहिली. लाठीचा वळ हा एक पट्टा असेल अशी माझी आजवरची समजूत होती. प्रत्यक्षात ते दोन समांतर तांबडे रूळ असतात आणि मधली पट्टी फिकट राहते. लाठीच्या कडांशी रक्त साकळते, मधले दाबाने बाजूला सरते, असे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. मी घरातून शिवणाची टेप आणली. वळाची लांबी २३ सेंटिमीटर, दोन रुळांमधील अंतर अडीच. “अंकलजी, आप क्या नाप रहे हैं?” पिंटूने विचारले. मी म्हटले, “हल्का.”

दुसऱ्या दिवशी मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावयास बसलो.

येथे मराठी माणसाच्या मार्गात पहिला धोंडा आडवा येतो तो शब्दाचाच. हिंदीत माहितीला ‘सूचना’ म्हणतात, आणि माहितीच्या अधिकाराला ‘सूचना का अधिकार’. आता सूचना करण्याचा अधिकार मिळविण्यासाठी कायदा कशाला हवा? आमच्याकडे, विशेषतः पुण्यात, तो जन्मसिद्ध असून बहुतेक घरांच्या फाटकांवर रंगवूनही ठेवलेला असतो. त्याच न्यायाने २०१९ साली या कायद्याचे ‘संशोधन’ झाल्याचे वाचून मी प्रथम हर्षित झालो, कारण संशोधन हे आमच्याकडे इतिहासाचार्य करतात. पुढे कळले की येथे संशोधन म्हणजे दुरुस्ती, आणि त्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा पगार व मुदत ठरविणे सरकारने आपल्या हाती घेतले आहे. चौकाचौकांत उभ्या असलेल्या ‘यातायात पुलिस’ या पाटीविषयी मात्र मी काही म्हणत नाही. तो शब्द मराठीत जो अर्थ देतो तोच तेथे अधिक चपखल बसतो.

या कायद्याचे माहेर राजस्थानच आहे, हे वाचकांस ठाऊक असेल. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह प्रभृतींनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटन स्थापिले. दुष्काळी कामावरच्या मजुरांना पुरती मजुरी का मिळत नाही, हा त्यांचा मूळ प्रश्न. हजेरीपट दाखवा म्हणावे तर दप्तर गोपनीय. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा, म्हणजे सारा मामला वजनमापाचाच, म्हणून मला ती मंडळी आपल्या खात्यातील वाटतात. ब्यावर गावी १९९६ च्या ६ एप्रिलपासून ४० दिवस धरणे झाले. पुढच्या वर्षी जयपुरातच ५३ दिवस धरणे झाले, आणि त्याच्या अखेरीस जे घडले त्याला जगाच्या विनोदी वाङ्मयात जोड नाही: उपमुख्यमंत्र्यांनी वार्ताहरांना बोलावून जाहीर केले की पंचायतीच्या कागदांच्या प्रती मिळण्याचा हक्क सरकारने सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध करून दिलेला आहे. माहिती मिळविण्याच्या हक्काची माहिती ना उन्हात बसलेल्या जनतेला होती, ना तिच्याशी बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना. ज्याने कोणी ते राजपत्र छापले, त्या कंपोझिटरला तेवढी ती असणार. असो. २००० साली राज्याचा कायदा झाला, त्याच सुमारास आमच्याकडेही झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून जवळजवळ अवघ्या देशात दहा रुपयांस सरकार प्रश्न ऐकून घेऊ लागले.

ते दहा रुपये पोस्टल ऑर्डरने भरावेत म्हणून मी तीन टपालकचेऱ्या हिंडलो. पोस्टल ऑर्डरी दोन ठिकाणी संपल्या होत्या. तिसऱ्या ठिकाणी होत्या, पण शिक्का मारणारे गृहस्थ जेवावयास गेले होते. ते कोठे बसून जेवतात याची चौकशी करून मी त्यांना तेथे गाठले.

अर्जात मी विचारले, की गेल्या तीन वर्षांत आपल्या हद्दीत किती वेळा बलप्रयोग झाला, त्यांपैकी किती हलके व किती अन्य प्रकारचे, हलकेपणाचा निर्णय कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने कोणत्या मापाच्या आधारे केला, त्या मापाची अखेरची पडताळणी व मुद्रांकन कधी झाले, खरेदी केलेल्या लाठ्यांची लांबी, परीघ व वजन काय, आणि त्या प्रसंगी जखमी झालेल्या नागरिकांची व शिपायांची संख्या किती. कायद्याच्या दुसऱ्या कलमात नागरिकाला कागदाची प्रत तर मागता येतेच, परंतु ‘सामग्रीचा प्रमाणित नमुना’ही मागता येतो, असे स्पष्ट लिहिले आहे, रस्त्याच्या डांबराचा, धरणाच्या सिमेंटचा नमुना लोक असाच मागतात. म्हणून अखेरीस मी एक ओळ जोडली: हलक्या बलाचा प्रमाणित नमुना मिळावा.

ज्या कचेरीत हा अर्ज मी रुजू केला तिचे नाव येथे घेत नाही, कारण तेथील बाबू मोठा सज्जन होता. कपाळावर टिळा, टेबलावर लिबलिबीत झालेल्या पेढ्यांचा पुडा, आणि पाठीमागे छतापर्यंत लाल फडक्यांचे बस्ते. त्याने अर्ज एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि अत्यंत कळवळ्याने म्हणाला, “बाऊजी, बाकी सब ठीक है, नमूना मत माँगो. कोई दे देगा.”

मग त्याने विचारले, ही माहिती कशासाठी हवी? मी त्याला कलम सहाचे दुसरे पोटकलम दाखविले, ज्यान्वये अर्जदारास कारण विचारता येत नाही. त्याने हसून मान डोलविली आणि दोन पेढे पुढे केले. पुढे उत्तर आल्यावर उमगले की कायद्याने ही फिट्टंफाट केलेली आहे. सरकारने नागरिकाला ‘का’ विचारावयाचे नाही. आणि २००८ साली गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने सांगितल्याप्रमाणे नागरिकाने सरकारला ‘का’ विचारले तर त्याचे उत्तर म्हणजे ‘माहिती’ नव्हे. उभयपक्षी ‘का’ वजा केल्यावर जे उरते त्यावर लोकशाही चालते.

तीस दिवसांची मुदत असते. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले, यावरून कचेरीत निदान एक पंचांग तरी शुद्ध आहे, असे मानावयास हरकत नाही. उत्तराची भाषा मला इतकी आवडली की काही शब्द वहीत उतरवून घेतले. पहिल्या प्रश्नावर लिहिले होते, ‘वांछित सूचना संधारित नहीं है’. ‘वांछित’ आणि ‘संधारित’! शाकुंतलातील एखाद्या तापसकन्येच्या तोंडी शोभावे असे हे शब्द. तात्पर्य, अशी बेरीज कोणी करून ठेवलेली नाही. आणि नसलेली बेरीज करून देण्याचे बंधन सरकारवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे. प्रत्येक ठाण्याच्या रोजनामच्यात त्या त्या दिवशीची नोंद असते. १८६१ च्या पोलीस कायद्यापासून ती वही ठेवण्याची सक्ती आहे. परंतु थेंब मोजणाऱ्याने तळे मोजावे असे कोठे लिहिलेले नाही. मापाविषयीचा प्रश्न ‘प्रश्नवाचक’ असल्यामुळे फेटाळला होता. प्रश्न प्रश्नवाचक आहे, हा आक्षेप घेणाऱ्या मेंदूस मी मनोमन नमस्कार केला. जखमींचा तपशील कलम आठ, पोटकलम एक, खंड ‘एच’ खाली नाकारला होता, कारण त्याने तपासात अडथळा येईल. केवळ तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, अडथळा कसा येतो ते सांगा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली बजावले होते खरे, परंतु दिल्ली जयपूरहून पावणेतीनशे किलोमीटरवर आहे आणि निवाड्यांना पायी यावे लागत असावे. लाठ्यांचे वजन अन्य शाखेकडे वर्ग केले होते. आणि ‘हलक्याव्यतिरिक्त अन्य प्रकारचा बलप्रयोग’ यापुढे एकच शब्द होता: निरंक.

या निरंकाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. तीन वर्षांत जेवढा म्हणून बलप्रयोग झाला तेवढा सगळा हलकाच झाला. म्हणजे ज्या दुकानात एकच वजन आहे त्या दुकानाचा हा दाखला. बेरीज संधारित नाही, आणि तरीही त्या असंधारित बेरजेतील जड भाग शून्य आहे, हे गणित मांडावयास जगन्नाथ सम्राटांनाच पुन्हा बोलवावे लागेल. कायद्याला अल्पप्रमाणाची कल्पना नाही असेही नाही. जमाव पांगविण्यासाठी लष्कर बोलाविले गेल्यास त्याच्या अधिकाऱ्याने ‘शक्य तितके थोडे बल’ वापरावे, असे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १३० मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते आहे. ‘शक्य तितके थोडे’ ही आज्ञा होती. दप्तरापर्यंत येता येता तिची हकीकत झाली, एवढेच.

झोप येईना म्हणून मी एक जुने पुस्तक काढले, आणि त्यात जयपुरातील बलप्रयोगाची अशी एक माहिती सापडली की जी मागावयास अर्ज करावा लागला नाही. १७५१ च्या जानेवारीत, राजा ईश्वरीसिंहाने मराठ्यांच्या तगाद्यापायी आत्महत्या केल्यावर महिन्याभराच्या आतच, आमची मंडळी हे नवे देखणे शहर पाहावयास, देवदर्शनास आणि खरेदीस म्हणून हजारोंच्या संख्येने आत शिरली, आणि शहराने वेशी बंद करून दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत त्यांची कत्तल केली. त्याची हकीकत मराठी पत्रांत आली, ती पत्रे पेशवे दप्तरात राहिली, आणि रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागद ४५ भागांत छापून मोकळे केले. त्यापूर्वी इंग्रज सरकारने ते दप्तर किती वर्षे कुलुपात ठेविले होते आणि आमच्या संशोधकांनी दारावर किती धक्के मारले होते, ती कथा निराळी. जयपूर दरबारानेही यदुनाथ सरकारांकडून आपला इतिहास लिहवून घेतला होता. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९८४ साली, सरकार वारल्यानंतर सव्वीस वर्षांनी. अर्थात २७० वर्षांपूर्वी या शहरात झालेल्या बलप्रयोगाची तारीख, वेळ आणि मृतांचा अंदाज मला घरबसल्या मिळतो. माझ्या वरच्या मजल्यावरच्या पोटरीवर झालेल्याचा मिळत नाही. येथे एक गोष्ट मान खाली घालून कबूल केली पाहिजे, की त्या शहराचा संताप अकारण नव्हता. आमचे सरदार खंडणीसाठी दाराशी बसले होते. परंतु व्यवसायबंधू म्हणून माझ्या पूर्वजांचे एका बाबतीत कौतुक केल्यावाचून राहवत नाही. त्यांनी आपल्या बलप्रयोगाला ‘हलका’ असे मोघम कधीच म्हटले नाही. शेकडा पंचवीस म्हणजे चौथाई आणि शेकडा दहा म्हणजे सरदेशमुखी, असे त्यांनी मापच ठरवून टाकले होते.

विनोद बाजूस ठेवून सांगावयाची अशी एक गोष्ट येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि त्यांतील चित्रण अठरा महिने जपावे असा हुकूम दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला एका हिंदी दैनिकाच्या बातमीवरून आपण होऊन पुन्हा दखल घ्यावी लागली. बातमी अशी होती की राजस्थानात त्या वर्षीच्या सातआठ महिन्यांत पोलीस कोठडीत अकरा माणसे मेली. बंद पडलेला कॅमेरा ही वस्तू मी वाण्याच्या दुकानातील ‘नेमक्या आजच बिघडलेल्या’ तराजूवरून ओळखतो. तीस वर्षांत असा तराजू मला सोमवारी बिघडलेला दिसे, तो मी गावाबाहेर पडताच दुरुस्त होई.

दरम्यान पिंटूच्या पोटरीवरचे दप्तर मी रोज तपासत होतो. तांबड्याचे दुसऱ्या दिवशी जांभळे झाले, चारपाच दिवसांत निळसर काळे, आठवड्यानंतर कडांना हिरवट छटा आली, मग ते पिवळे पडले, आणि पंधराव्या की सोळाव्या दिवशी, मी टेप घेऊन वर गेलो तेव्हा, त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून “देख लो” म्हटले आणि पाहण्यासारखे काहीही उरलेले नव्हते. त्या वेळी माझ्या अर्जाचे अर्धे आयुष्य शिल्लक होते. कायदा करणाऱ्यांनी तीस दिवसांची मुदत कोणत्या हिशेबाने ठरविली मला ठाऊक नाही. कातडीने आपले कागद नष्ट करण्याची मुदत मात्र पंधरा दिवसांची ठरविली आहे, आणि ती पाळण्यात ती कोणत्याही कचेरीहून काटेकोर आहे. पिंटू दुसऱ्याच दिवशी परीक्षेला गेला. निबंधाचा विषय, त्याने परत आल्यावर सांगितले, ‘सुशासन’ असा होता.

मी प्रथम अपील केले. सुनावणीला वरिष्ठ अधिकारी होते, त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या पूर्वीच्या नोकरीविषयी आस्थेने विचारले, आपल्या आजोळी मणाचे वजन पिढ्यानपिढ्या कसे वापरीत याची एक हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, “साहब, हल्का तो हल्का ही होता है, इसमें क्या नापना?” जावईबापूंचे आणि त्यांचे मत तंतोतंत जुळले. तरीपण त्यांनी माझे म्हणणे लिहून घेतले आणि संबंधित रोजनामच्यांतील उपलब्ध नोंदींच्या प्रती, तपासाला बाध येणार नाही अशा, अर्जदारास पाठवाव्यात असा हुकूम केला. हे मी आभारपूर्वक नमूद करतो. प्रतीला दोन रुपयांप्रमाणे मी बारा रुपये भरले. बाबूने पावती फाडून दिली आणि विचारले, “नमूना तो नहीं चाहिए ना अब?”

तीन आठवड्यांनी दुपारी पोस्टमन दाराशी आला. हातात सरकारी पाकीट होते आणि मुद्रेवर संकोच. पाकीट बैरंग होते. पाठविणाऱ्याने त्यावर वीस ग्रॅमपुरतेच तिकीट लावले होते. वजन अधिक भरल्याने तूट, आणि तुटीचा दुप्पट दंड घेणाऱ्याने द्यावयाचा, असा टपाल खात्याचा शिरस्ता. मी वीस रुपये दिले. पाकिटात सहा पृष्ठे होती, त्यावर आणखी एक अग्रेषणपत्र, एक त्याची कार्यालयीन प्रत चुकून आलेली, आणि सहाही पृष्ठांवर, काळ्या शाईने पुसलेल्या नावांच्या मधोमध, निरनिराळ्या हस्ताक्षरांत एकच वाक्य: भीड़ को हल्का बल प्रयोग कर तितर-बितर किया गया.

पोस्टमनला मी विचारले, कचेरीत पाकिटे तोलत नाहीत काय? तो म्हणाला, “तोलते हैं बाऊजी, हाथ पे रख के. बोलते हैं, हल्का है.”

कन्येने केकसाठी घेतलेला विजेचा काटा ओट्यावर होता. मी त्याखाली कागदाची घडी सारून तो समपातळीत आणला, स्वयंपाकघरातील पंखा बंद केला, कन्येस बोलू नको अशी खूण केली, आणि पाकीट, आतील आठही कागदांसह, अलगद त्यावर ठेवले. आकडा थोडा डळमळला आणि स्थिरावला. मग वही काढून, तारीख व वेळ घालून, मी नोंद केली: हल्का, ४६ ग्रॅम.

“बाबा, आता श्वास घेऊ?” कन्येने विचारले.